विमानाकडे पाठ करून

शुक्रवारी सकाळी, सात वाजत आले असताना, मिशारीच्या विमानाने जमीन सोडली. हवेत ते मिनिटभरही टिकलं नाही. परत आलं ते त्याच्या धाकट्या भावाच्या, बर्राकच्या, गळ्यावर.

जागा कुवेतमधली. जहराच्या पुढे सालमी रस्ता सोडून आत वळलं की रिमोटवर विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांची छोटी धावपट्टी आहे. तिथे.

एवढं सगळे जण सारखंच सांगतात.

पुढचं सारखं सांगत नाहीत.

ही गोष्ट कुणी रचलेली नाही. दोघे भाऊ जिवंत आहेत. त्यांतल्या एकाला बोलता येत नाही. दुसऱ्याला येतं, पण त्याच्या आवाजावर घरात आता कुणाचा विश्वास नाही.

त्या धावपट्टीवर एक नियम आहे. आधी तो समजून घ्यावा लागेल, कारण जे झालं ते त्या नियमामुळेच झालं.

ही विमानं खेळणी नसतात. हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसापेक्षा त्यांचे पंख लांब असतात. पुढे पेट्रोलचं इंजिन, त्यावर लाकडी पंखा. पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, एकेक पट्टी हलते. ती एलेरॉन. विमान उजवीकडे कलवायचं तर उजवी पट्टी वर जायला हवी आणि डावी खाली. आतल्या बाजूला, धडाला लागून, फ्लॅप. ते दोन्ही एकदम खाली उतरतात आणि विमानाचा वेग मारतात. घरी कितीही जुळवा, मैदानावर पंख पुन्हा जोडताना गडबड होते. एलेरॉन उलटे झाले तर तुम्ही उजवं मागता आणि विमान डावीकडे कलतं. मग जितकं सावरायला जावं तितकं ते बुडतं.

म्हणून उडवण्याआधी तपासणी.

ज्याने विमान जुळवलं त्याने विमानाकडे पाठ करून उभं राहायचं, हातात रिमोट घेऊन. विमानामागे दुसऱ्या कुणीतरी बसायचं. पाठमोऱ्याने रिमोटवरची दांडी हलवायची आणि म्हणायचं, “उजवं.” मागच्याने नीट बघायचं आणि म्हणायचं, “बरोबर.”

किंवा, “उलट.”

उजवं, डावं, फ्लॅप. तीन वेळा ‘बरोबर’ आलं की मगच वळायचं आणि इंजिनाला वेग द्यायचा.

हा नियम बू घानिम यांनी घालून दिलेला. विमानतळाच्या कार्यशाळेत जन्म घालवलेला माणूस. बोलणं कमी, हात स्वच्छ.

“बनवणाऱ्याचे डोळे लाचार असतात,” ते म्हणायचे. “त्याला जे हवं तेच दिसतं. दुसऱ्याला विचारा.”

वर्षानुवर्षं तो दुसरा म्हणजे तेच. प्रत्येकाच्या विमानामागे मांडी घालून बसायचे. त्यांचं ‘बरोबर’ आलं की माणूस डोळे मिटून उडवायचा.

मग साखर त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचली.

तरीही त्यांनी एक शेवटचं विमान बनवलं. जुन्या टपाल विमानाची प्रतिकृती. बोटांनी चाचपून, गालाला लावून, खिळा न् खिळा. ते धावपट्टीवर आणलं त्या सकाळी सगळे जमले होते.

“मागे कोण बसतंय?” त्यांनी विचारलं.

“मी बसतो, बू घानिम,” मिशारी म्हणाला. “तुम्ही नुसती दांडी हलवा.”

“नीट बघ हां, बाळा. मला पंख दिसत नाही. दिसतो तो ढग.”

“ढगाला एलेरॉन नसतात, बू घानिम,” बर्राक म्हणाला. आणि लगेच हुबेहूब म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजात, “बनवणाऱ्याचे डोळे लाचार असतात...”

सगळे हसले. बू घानिमही हसले. बर्राकचं हे नेहमीचं. क्लबातल्या एकूण एक माणसाचा आवाज त्याला काढता यायचा. त्याला बोलावल्याशिवाय कुणाची दिवाणिया, म्हणजे पुरुषांची संध्याकाळची बैठक, रंगत नसे.

बू घानिम पाठ करून उभे राहिले.

“उजवं.”

उजवं एलेरॉन खाली गेलं.

मिशारीने ते बघितलं. स्वच्छ बघितलं. मग त्याने मान वळवून बर्राककडे पाहिलं. बर्राक फोनवर चित्रण करत होता. मिशारीने त्याला डोळा मारला.

“बरोबर.”

डावंही बरोबर. फ्लॅपही बरोबर.

समोरच्या धूसर आकाराच्या अंदाजाने बू घानिम यांनी वेग दिला. विमान उठलं, कललं, सावरताना आणखी कललं आणि पंखाच्या टोकावर आपटून गडगडत गेलं. हसण्याची एकच लाट उठली. बू घानिम आवाजाच्या दिशेने चालत गेले, गुडघ्यांवर बसले आणि वाळूत चाचपडत तुकडे वेचू लागले. डोक्यावरचं फडकं, गुत्रा, काढून त्यात ते भरत होते. तेही बर्राकने टिपलं. संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक दिवाणियात पोचलं होतं.

“मिशारी,” बू घानिम जाताना म्हणाले, “तू बघितलं होतंस ना?”

“बघितलं की. बरोबर होतं. तुमच्याच हातून आत काहीतरी...” मिशारीने वाक्य अर्ध्यावर सोडलं.

ते अर्धं वाक्य म्हाताऱ्याने घरी नेलं.

धावपट्टीवर ते पुन्हा आले नाहीत. मग दिवाणियात येईनासे झाले. मग म्हणे सुई टोचून घ्यायलाही नको म्हणू लागले. माझ्या हातांना कळत नाही, ते कशाला जगवता, असं मुलाला म्हणाले. थंडीतले पावसाळी ढग यायच्या आधीच गेले.

दोघे भाऊ दफनाला गेले. दोघांनी खांदा दिला, मूठ मूठ माती लोटली.

परतताना मिशारी गाडी चालवत होता. मग बर्राकने घसा साफ केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मिशारी, तू बघितलं होतंस ना?”

मिशारीला इतकं हसू आलं की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

*

त्या हिवाळ्यात मिशारीला एकच गोष्ट हवी होती. दोह्याला आखाती देशांची स्पर्धा होती आणि संघात एकच जागा उरली होती. आधी दोनदा ती त्याच्या हातून गेली होती.

क्लबचे प्रमुख बू तलाल यांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. “शुक्रवारी माझ्यासमोर उडव. फ्लॅप टाकून सावकाश, मऊ उतरव. उतरवलंस तर नाव पाठवतो. नाहीतर यंदाही घरी बसून बलालीतच्या गोड शेवया खा.”

“उतरवतो, बू तलाल.”

“तुझ्या तोंडाने तू गेल्या वर्षीही उतरवलं होतंस.”

मिशारीने नवं विमान घेतलं. घराच्या मागच्या अंगाला, दिवाणियाच्या दालनाला लागून असलेल्या खोलीत तो ते जुळवायला बसला. दुपारच्या अस्रच्या नमाजानंतरचा वेळ. उन्हाची तिरीप टेबलावर. छतावर शेजाऱ्याची कबुतरं घुमत होती.

त्याने सर्वोचे, म्हणजे पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरचे, हात काटकोनात बसवले. एलेरॉनच्या सळ्या लावल्या. पट्टी वर जितकी जाते त्यापेक्षा खाली थोडी कमी जायला हवी, तसं रिमोटमध्ये भरलं. मग सवयीने, टेबलाकडे पाठ करून, दांडी उजवीकडे ढकलली.

“उजवं,” तो स्वतःशीच पुटपुटला.

वरची कबुतरं गप्प झाली...

“बरोबर.”

मिशारी गर्रकन वळला.

खोलीत कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. टेबलावर पंख, पंखाशेजारी पक्कड, पक्कडीशेजारी गार झालेला चहा.

उजवं एलेरॉन वर होतं. डावं खाली.

बरोबर होतं.

त्याने दार उघडून हाक मारली. “बर्राक.”

“काय?” आवाज पार स्वयंपाकघरातून आला.

“आत्ता खोलीत कोण बोललं?”

“मी जेवतोय. तोंडात माशाचा काटा आहे. बोलणं तुला बरं सुचतं.”

मिशारीने दार लावलं.  मग पुन्हा पाठ केली.

“डावं.”

“बरोबर.”

“फ्लॅप.”

...

काहीच नाही.

तो वळला. दोन्ही फ्लॅप खाली उतरले होते. त्याने मोजपट्टी लावून पाहिलं. डावा फ्लॅप उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त उतरत होता. एवढ्यावर विमान उतरताना कूस बदलतं. त्याने सळी दोन फेरे आत घेतली. पुन्हा पाठ केली.

“फ्लॅप.”

“बरोबर.”

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीपेक्षा दोहा मोठं होतं.

दुसऱ्या दुपारी त्याने मुद्दाम एलेरॉन उलटे केले आणि विचारलं. आवाज आला नाही. सुलटे केले. आला. एक सळी अर्धा फेरा बिघडवून विचारलं. आला नाही. काही केल्या तो आवाज खोटं बोलेना.

आवाज ओळखीचा वाटत होता. कुणाचा ते मात्र आठवेना. बू घानिम यांचा नव्हता, एवढं नक्की. त्यांचा घोगरा, सावकाश. हा तरुण माणसाचा. शेवटचं अक्षर जरासं हलायचं, सर्दी झालेल्या माणसासारखं.

“दुपारी कुणाशी बोलत असतोस?” एकदा आईने विचारलं.

“कुणाशी नाही, युम्मा.”

“तेच म्हणते मी. एकटाच बोलतोस.”

हळूहळू मिशारीने वळून बघणं सोडलं. गरजच वाटेना. विचारायचं, ऐकायचं, पुढे जायचं.

गुरुवारी दुपारी सगळं जुळलं होतं.

*

शुक्रवारी धुकं पडलं होतं. सालमी रस्त्यावर ट्रकचे दिवेसुद्धा पिवळ्या डागांसारखे दिसत होते. धावपट्टीवर गेल्यावर धुकं थोडं विरळ झालं. वारा अजिबात नव्हता. असल्या सकाळी आवाज फार दूर जातात, नाहीतर जागच्या जागी मरतात.

बू तलाल गाडीशेजारी घडीच्या खुर्चीत बसले. थर्मासमधून चहा ओतून घेतला.

“लाव तुझे दिवे,” ते म्हणाले.

मिशारीने पंख जोडले, तारा जोडल्या, रिमोट चालू केला. त्याच्या रिमोटमध्ये त्याच्या प्रत्येक विमानाची वेगळी जुळणी साठवलेली होती. रिमोटला विमान ओळखता येत नव्हतं. पडद्यावर जे नाव निवडाल त्याप्रमाणे तो हुकूम देई. आपण नव्या विमानाचंच नाव निवडलं होतं, असं मिशारी आजही शपथेवर सांगतो.

बर्राक विमानामागे बसला. एका हातात फोन.

“दोह्याच्या वीरा, जरा हस,” तो म्हणाला. मग बू तलाल यांच्या आवाजात, “घरी बसून बलालीत खा.”

“मेल्या, ऐकू येतंय मला,” खुर्चीतून आवाज आला.

मिशारी हसत पाठमोरा झाला. समोर पांढरं धुकं.

“उजवं.”

...

“बरोबर.”

आवाज जवळून आला. बर्राक बसला होता त्यापेक्षा जवळून. अगदी खांद्यामागून. मिशारीच्या ते लक्षात आलं. पण तपासणी चालू असताना वळायचं नसतं.

“डावं.”

“बरोबर.”

“फ्लॅप.”

“बरोबर.”

शेवटचं अक्षर जरासं हललं.

मिशारी वळला. बर्राक उभा होता. दोन्ही हात डोक्यावर हलवत होता. तोंड उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता.

आवाज येत नव्हता.

मिशारीला वाटलं, नक्कल करतोय. मुक्याची नक्कल. बर्राक कशाचीही नक्कल करायचा.

त्याने इंजिनाला वेग दिला.

विमान सरळ धावलं, उठलं. डावा पंख किंचित खाली गेला. मिशारीने उजवं दिलं. पंख आणखी खाली गेला. त्याने पूर्ण उजवं दिलं. विमान पाठीवर उलटलं आणि धुक्यात अर्धं वर्तुळ काढून परत फिरलं.

बर्राक मिशारीकडे धावत येत होता. हात पुढे, रिमोट हिसकावून घ्यायला.

पंख्याचं पातं त्याच्या गळ्याला चाटून गेलं. नुसतं चाटून. नाहीतर त्याची मानच राहिली नसती.

तो वाळूत बसला. दोन्ही हात गळ्यावर. बोटांमधून रक्त, आणि रक्तातून बुडबुडे. त्याही अवस्थेत तो मिशारीकडे बघत ओठ हलवत होता. एकच शब्द, परत परत. बू तलाल यांनी आपला गुत्रा त्याच्या गळ्यावर दाबून धरला आणि मिशारीला ओरडून गाडी आणायला सांगितली. मिशारी हलला नाही. त्याच्या हातातला रिमोट अजून पूर्ण उजवीकडे होता.

नंतर पडदा तपासला तेव्हा त्यावर मिशारीच्या जुन्या विमानाचं नाव होतं. त्या विमानात सर्वो उलट बाजूने बसवलेले होते, म्हणून त्याची जुळणी नव्या विमानावर उलटी चालली. पोलिसांनी अपघात लिहून घेतला.

*

बर्राक वाचला.

गळ्याला भोक, भोकात नळी. श्वास तिथून. स्वरयंत्राचं काही उरलं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्याने खुणेने फोन मागितला आणि एका बोटाने लिहिलं.

“मी तीनदा ओरडलो. उलट. तीनही वेळा. तू मान हलवलीस.”

“नाही,” मिशारी म्हणाला. “अल्लाची शपथ, मला ‘बरोबर’ ऐकू आलं.”

“मलाही ‘बरोबर’च ऐकू आलं,” बू तलाल म्हणाले. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. “तीनदा. म्हणून तर मी गप्प बसलो.”

पलंगाच्या उशाशी आई होती. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“चित्रण आहे ना,” मिशारी म्हणाला. “लावा. सगळं त्यात असेल.”

बर्राकचा फोन शाबूत होता. त्यानेच लावला.

धुकं. विमानाची शेपटी. पलीकडे मिशारीची पाठ.

“उजवं.”

एलेरॉन खाली गेलं.

“बरोबर.”

“हे बघा,” मिशारी म्हणाला. “हा आवाज. हा बर्राकचा नाही. हा कुणाचा आहे?”

बर्राकने फोनचा आवाज वाढवला.

“ओळखीचा आहे. मी घरीही ऐकलाय. युम्मा, हा कुणाचा आवाज?”

“तुझा,” आई म्हणाली.

“काय?”

“तुझा आवाज आहे, मिशारी. पोटच्या पोराचा आवाज आईला कळत नाही होय?”

बर्राकने पुन्हा लावलं. फोन त्याच्या हातात होता, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्याचं ओरडणं त्यात नव्हतं. एकदाही नाही. चित्र मात्र तीनदा हिसका बसल्यासारखं हलत होतं, ओरडणाऱ्या माणसाचा हात हलावा तसं. आणि तिसऱ्या ‘बरोबर’ला पाठमोऱ्या मिशारीची मान स्पष्ट हलली होती. होकारासारखी.

पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत.

बू तलाल यांनी स्वतःचा फोन काढला. बराच वेळ काहीतरी शोधलं. मग लावलं. जुनं चित्रण होतं. टपाल विमान, पाठ करून उभे असलेले बू घानिम.

“उजवं,” बू घानिम म्हणाले.

“बरोबर.”

तोच शब्द. तेवढाच लांब. शेवटचं अक्षर तसंच हललेलं. सर्दी नव्हती ती. दाबून धरलेलं हसू होतं.

बू तलाल यांनी फोन खिशात ठेवला.

 मिशारी आईकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं आणि जे पहिलं हाताशी आलं ते बोलून टाकलं.

“बर्राकने केलं असेल. तो सगळ्यांचे आवाज काढतो. माझाही काढतो. गंमत म्हणून म्हणाला असेल, आणि आता माझ्यावर...”

वाक्य अर्ध्यावर राहिलं.

बर्राक त्याच्याकडे बघत होता. फोन त्याच्या हातात होता. त्याने काही लिहिलं नाही. नुसतं तोंड उघडलं. गळ्यातल्या नळीतून शिट्टीसारखी हवा आली.

“ऊठ,” आई मिशारीला म्हणाली. “बाहेर जा.”

*

पुढचं थोडक्यात आहे.

मिशारीची दोह्याची जागा दुसऱ्याला गेली. तो आता फहाहीलला भाड्याच्या खोलीत राहतो. बर्राकला उपचारांसाठी जर्मनीला नेलं. आवाज परत येणार नाही, एवढं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. यंदा थंडी सुरू होताना तो घरी आला.

आल्यावर त्याने मागच्या खोलीची किल्ली मागितली.

बर्राकने आयुष्यात कधी विमान बनवलं नव्हतं. तो हसवायचा आणि चित्रण करायचा. आता अस्रनंतर तो त्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. आधी सर्वोची किरकिर ऐकू येते. मग छतावरची कबुतरं गप्प होतात...

मग मिशारीचा आवाज येतो.

“बरोबर.”

पहिल्या दिवशी आई धावत गेली. तिला वाटलं, मिशारी आला, भावाभावांचं मिटलं. तिने दार ढकललं. बर्राक एकटाच होता. टेबलाकडे पाठ करून, हातात रिमोट घेऊन उभा. आईकडे बघून तो हसला.

आता ती दार उघडत नाही. चहाचा पेला उंबऱ्यावर ठेवते आणि परत फिरते.

“तू घरी येऊन जातोस का रे, मला न भेटता?” तिने फोनवर मिशारीला विचारलं. दवाखान्यात त्याला बाहेर काढल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

“नाही, युम्मा.”

तिने फोन ठेवून दिला.

या रविवारी मिशारीला बर्राकचा निरोप आला. आधी छायाचित्र. टेबलावर पुरं झालेलं विमान. जुन्या टपाल विमानाची प्रतिकृती. एलेरॉन एका रेषेत, फ्लॅप दोन्ही सारखे उतरलेले. खाली मजकूर होता.

“शुक्रवारी उडवतो. बनवलंय मी, म्हणून पाठ करून मी उभा राहीन. मागे तू बस. नियम तोच.”

थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली.

“तू बघशील ना?”

मिशारीने दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. मंगळवारी दुपारी त्याने बू तलाल यांना फोन केला. जायचं ठरवलंय, म्हणाला. जे दिसेल तेच सांगायचं, बाकी काही नाही. त्यासाठी खोलीत बसून सराव करत होतो, म्हणाला. फोनसमोर ‘उलट’ असं म्हणायचं आणि परत लावून ऐकायचं. तेवढाच सराव.

“मग?” बू तलाल यांनी विचारलं.

“तुम्हीच ऐका. मी पाठवतो. मी ‘उलट’ म्हणालोय, बू तलाल. दहा वेळा म्हणालोय.”

ध्वनिफीत आली. बू तलाल यांनी ती गाडीत बसून ऐकली. मग घरी जाऊन पुन्हा ऐकली, आणि बायकोला ऐकवली. तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं. तिने ऐकलेला शब्द आणि त्यांनी ऐकलेला शब्द एकच होता.

तो ‘उलट’ नव्हता. शेवटचं अक्षर जरासं हलत होतं.

बर्राकच्या निरोपापुढे वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर गेलेलं नाही. शुक्रवारी सकाळसाठी धावपट्टीच्या यादीत बर्राकचं नाव लागलं आहे. आज बुधवार. परवा पहाटे सालमी भागात धुकं राहील, असा अंदाज आहे.